बाबांच्या रेकॉर्डवरचं कुंकू

मुक्काम धाड, माघ वद्य पंचमी. संध्याकाळ.

डोकं अजून तापलेलंच आहे. मुंबईच्या मोठ्या गायकांनी बाबांची गाणी म्हणून त्यांच्या आठवणीसाठी रेकॉर्ड काढली. आज ती गावाला ऐकवायची होती, देवळासमोर. त्याच देवळासमोर, जिथे पाटलांनी बाबांना पुढे कधी गाऊ दिलं नाही. कारण काय, तर देवळातल्या समईचं तेल पाटलाच्या घरी जातं हे बाबांनी गाण्यात सांगितलं होतं.

आणि आज पाटीलच प्रमुख पाहुणे! रेकॉर्ड पाटावर मांडली, मी नाही-नाही म्हणेपर्यंत तिच्यावर हळदकुंकू वाहिलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं. सगळं त्या बारीक रेघांत जाऊन बसलं. मग काय वाजणार? समईचं गाणं खरखरत सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीत अडकलं. तेलापर्यंत पोचलंच नाही.

मुद्दाम केलं असेल? छे, एवढी अक्कल कुठली. की आहे?

पाटील हात जोडून म्हणाले, "आता ही रेकॉर्ड देवळातच राहू द्या. आमी रोज पूजा करू." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गप्प बसले, त्याचाच राग जास्त येतोय.

घरी येताना माय म्हणाली, "तुह्या बाबाले जित्तेपणी गाऊ देलं नाही, आन् आता कुंकू लावून गप केलं."

आत्ता ती चुलीपुढे समईचं गाणं म्हणतेय. अख्खं, तेलासकट. पण हळूच. पाटलाची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे.