तीनशे बाराची पाच मिनिटं

सोमवार, ३ तारीख
आजपासून मी हॉटेलात कामाला. या वयात! नात इथंच खाली बसते, येणाऱ्या-जाणाऱ्यांना चाव्या देते. तिनंच साहेबाच्या मागं लागून मला चिकटवलं. वहीही तिचीच. म्हणाली, घरी माझं डोकं खातेस, ते आता यात लिहीत जा. दुसरी शिकलेली मी; अक्षर म्हणजे चिखलातून गेलेली कोंबडी.

तिला मी घोडी म्हणते. दाराच्या चौकटीला डोकं टेकेल एवढी वाढलीय. तिची आई गेली तेव्हा माझ्या काखेत मावत होती. हाक मारायच्या आधी दोनदा घसा खाकरायची खोड तेव्हापासूनची. खाकरणार, खाकरणार, मग ‘आजे!’ आज सगळ्यांदेखत तशीच ओरडली. मी डोळे वटारले. मनातून बरं वाटलं, पण ते तिला कशाला सांगू?

गुरुवार, ६
काम ऐकून हसूच आलं. रिकाम्या खोल्यांतले नळ अन् फवारे आठवड्यातून एकदा पाच-पाच मिनिटं सोडायचे. धारेत थर्मामीटर धरायचा, आकडा रजिस्टरात लिहायचा, पुढं बरोबरची खूण करायची. पाणी तपासणारा शिकवायला आला होता. मूठभर माणूस, पण तोंड काही मिटेना. म्हणे, पाणी नळीत कोमट होऊन पडून राहिलं की त्यात जंतू वाढतात. मी विचारलं, न्हाणीघरातलं पाणी पितं कोण? तो म्हणाला, पिऊन नाही आजी, फवाऱ्याचे तुषार श्वासातून छातीत जातात. सत्तर वर्षं अंघोळ करतेय, माझ्या छातीत काही शिरलं नाही.

सोमवार, १०
चाळीस वर्षं पाणी डोक्यावरून वाहिलं मी. कंबरेवर हंड्याचा घट्टा अजून आहे. चार हंडे पाणी नुसतं मोरीत सोडायचं? माझा हात धजत नाही. पन्नास आकडे मोजते, बंद करते, पाच मिनिटांची खूण करते. साहेब म्हणतात, आजींचं रजिस्टर आरशासारखं.

तीनशे बारा नंबरची खोली छत गळतं म्हणून दोन महिने बंद आहे. तिथलं पाणी आधी गढूळ आलं, मग बरं.

सोमवार, १७
तीनशे बाराचा फवारा आज सुरू करताच खोकला. ओला, छातीतला खोकला. नळीत हवा असणार. म्हटलं, औषध घे मेल्या. पन्नास मोजले अन् बंद केला.

बुधवार, १९
घोडीनं आज लागोपाठ दोन पाळ्या केल्या. तोंड उतरलेलं, पाय सुजलेले. मी म्हटलं, तीनशे बारा रिकामीच आहे, गरम पाण्याखाली उभी राहा जरा. नको म्हणत होती, नियमात बसत नाही म्हणे. नियमाची बाई! हाताला धरून मीच आत ढकलली. अर्ध्या तासानं लालबुंद होऊन बाहेर आली. म्हणाली, आजे, जिवात जीव आला गं.

मंगळवार, २५
घोडीच्या अंगात ताप. खोकला. ओल्या केसांनी हिंडतेस म्हणून मी झापली. ती हसली अन् हसता हसता खोकत बसली.

ओला खोकला. छातीतला.

गुरुवार, २७
दवाखान्यात ठेवलीय. खाट तिला आखूड पडते, पावलं बाहेर येतात. नाकातोंडावर श्वासाची नळी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गेल्या दहा दिवसांत घराबाहेर कुठं फवाऱ्याखाली अंघोळ केली होती का? ती बोलू शकत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, खरं सांगितलं तर पोरीची नोकरी जाईल.

मी म्हटलं, नाही.

शनिवार, २९
सांगितलं. तीनशे बारातली अंघोळ सांगितली. बाई उठून पळाल्या, औषध बदललं. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, दोन दिवस आधी कळलं असतं तर — पुढं बोलल्या नाहीत. चांगली बाई आहे. बोलली असती तर बरं झालं असतं.

रविवार, ३०
गेली.

पावलं झाकायला चादर पुरली नाही. मी माझी शाल घातली.

गुरुवार, ४
पाणी तपासणारा आला. तीनशे बाराच्या फवाऱ्यात जंतू सापडले. साहेबांनी माझं रजिस्टर पुढं केलं. दर आठवड्याला पाच मिनिटं, सगळ्या खुणा जागच्या जागी. तो डोकं खाजवत बसला. इतकं चोख असून कसं, म्हणाला. रजिस्टर असं असताना बाकीच्या खोल्या बघायची गरज नाही म्हणाला. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी रजिस्टर मिटून जागेवर ठेवलं.

तीनशे बाराला पट्टी लावून बंद केलंय.

शनिवार, ६
तीनशे अकरा पुसत होते. भर दुपार. भिंतीपलीकडून दोनदा —

नळीत हवा असणार.

रविवार, ७
पुन्हा. दोनदा खाकरणं. मग काही नाही. उभी राहिले, पन्नास मोजले. काही नाही. पन्नासात कसं येईल? पन्नासातच तर मी —

सोमवार, ८
रजिस्टरात प्रत्येक खुणेवर ‘खोटं’ लिहिलं. एकेक करून. सही केली. साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. सगळ्या खोल्या तपासा, असंही लिहिलं. वाचतील. कोंबडीचं अक्षर असलं तरी वाचतील.

आता तीनशे बारा. पट्टी फाडली. न्हाणीत स्टुलावर बसलेय, वही मांडीवर. पाणी तपासणाऱ्यानं पाच मिनिटं मोजायला दिलेलं घड्याळ समोर. फवारा सोडलाय. दार लावलंय.

एक मिनिट. गढूळ.

दोन. वाफ. कागद ओला होतोय.

तीन. पाणी वाया जातंय. जाऊ दे. जाऊ दे गं.

चार. फवारा खोकला. माझ्याही छातीत —

साडेचार. दोनदा खाकरलं. वरून नाही, इथंच, कानाशी. आता हाक मारेल. थांब घोडे, या वेळी बंद करत नाही, पुरी पाच