विकसित देशाची कडी

सोमवार, ९ मार्च

खोडून टाकला. कागद जरा फाटला, पण शब्द गेला.

नोंद नीट ठेवतो. सातवीचं भूगोलाचं पुस्तक, शेवटची प्रुफं, पान बेचाळीस. पान घरी न्यायला साहेबांनी परवानगी दिली. म्हणाले, फक्त ऱ्हस्वदीर्घ बघा, डोकं चालवू नका. मागच्या पुस्तकात तुम्ही एक नदी वळवली होतीत, ते मी विसरलेलो नाही. शुक्रवारी पाचला शिपाई येईल. पान अडलं तर तुम्हाला कॅलेंडर विभागात पाठवीन.

तिसरी ओळ : आपला देश विकसनशील आहे.

मी सातवीत होतो तेव्हाही हीच ओळ होती. थोरल्या भावाच्या पुस्तकातही. कोणी तपासलीच नाही. नुसती छापत आले. म्हणून विकसनशील खोडला.

ठराव : स्वतः निरीक्षण करून शुक्रवारपर्यंत निकाल लावायचा. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, देशाचं सावकाश बघा हो, आधी बाथरूमला कडी लावा, बुधवारी आई येतेय.

कडीबद्दल. जुनी कडी मी दुरुस्तीला घेतली तेव्हापासून नाही. अडचण शून्य. आत जाईल त्याने गायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं. बायको गुणगुणते. मी आलाप घेतो. मुलगी पाढे म्हणते. सतराचा तिथेच पाठ झाला. स्वच्छता आणि साक्षरता एकाच खोलीत. देशाने शिकावं.

मंगळवार, १० मार्च

निकष पहिला : शिस्त.

ऑफिसातून लवकर निघालो. चौकात उभा राहिलो. पादचाऱ्यांचा दिवा लाल. रस्ता रिकामा, चिटपाखरू नाही. तरी थांबलो. थोड्या वेळाने मागे एक गृहस्थ थांबले. मग दोन बायका. मग पिशवीवाला. बघता बघता रांग कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली. कोणी ढकलत नव्हतं. ऊर भरून आला. तिथेच खांबाला पान टेकवून पेन्सिलीने लिहिलं : विकसित.

मग मागच्या गृहस्थांनी विचारलं, काय मिळतंय इथे?

काही नाही म्हणालो. हे रांगेत मागपर्यंत कळवण्यात आलं. बोलणी खाल्ली. दिवा लालवरच अडकलाय, दोन महिने झाले, असं पिशवीवाला म्हणाला. एक बाई म्हणाली, तरी म्हटलं हा माणूस रिकामटेकडा दिसतोय.

घरी येऊन खोडला.

कडी उद्या नक्की.

बुधवार, ११ मार्च

सासूबाई आल्या. पाया पडलो. त्यांना बाथरूमची पद्धत समजावली. त्या म्हणाल्या, जावईबापू, सत्तर वर्षांत मी गात गात कुठे गेले नाही, आता जायची नाही.

आणि शेजारच्या बाईंकडे गेल्या. परत आल्या. जेवणानंतर पुन्हा गेल्या.

आवश्यक सेवांसाठी शेजाऱ्यांवर अवलंबून राहणं. चांगलं लक्षण नाही. पण हा दोष देशाचा की सासूबाईंचा, हे आजच सांगता येणार नाही.

निकष दुसरा : बाजार. संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, दार आत उघडतं की बाहेर? हा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. मी म्हणालो, उघडतं. तो म्हणाला, घरी वहिनींना फोन लावा. लावला नाही. स्वाभिमान. कुठेही चालणारी कडी मागितली. तो म्हणाला, कडी कुठेही चालते हो, लावणारा पाहिजे.

ग्राहकाला प्रश्न विचारणारा दुकानदार ज्या देशात आहे तो मागास कसा? लिहिलं : विकसित. बायकोने पिशवीतली कडी पाहिली आणि म्हणाली, स्क्रू?

खोडला. कागद आता उजेडापुढे धरला तर पलीकडचं दिसतं.

गुरुवार, १२ मार्च

स्क्रू आणले. निकष तिसरा : स्वावलंबन. विकसित देशांत सुतार परवडत नाही म्हणून लोक स्वतःच ठोकाठोक करतात, असं वाचलं आहे. दोन दिवस रजा टाकली.

आतल्या बाजूची चौकट अरुंद. त्यात टाइल. स्क्रू घसरतो. एकदा बोट, एकदा टाइल. बाहेरची चौकट मात्र रुंद आणि मऊ. बाहेरून बसवली. लोण्यासारखी बसली. दोन स्क्रू उरले. बचत.

शाळेतून आल्यावर मुलीने कडी बघितली. म्हणाली, बाबा, ही आत जाणाऱ्याला कशी लावता येणार? मी म्हणालो, त्याने कशाला लावायची? बाहेरच्याने लावायची. काम झालं की आतल्याने टकटक करायची, बाहेरच्याने उघडायची. माणसाला स्वतःचं संरक्षण स्वतः करावं लागतं तो मागासलेला समाज. प्रगत समाजात ते इतर लोक करतात.

मुलगी म्हणाली, आणि इतर लोक झोपले तर?

वयाच्या मानाने निराशावादी आहे.

बायको कडीकडे बघत उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. संमती समजतो. सासूबाई चप्पल घालून शेजारी गेल्या.

शुक्रवार, १३ मार्च

दुपारी

आज निकाल. पान आणि पेन्सिल टेबलावर तयार. आधी स्वच्छ आंघोळ, मग निर्णय. बायकोला सांगितलं, मी आत जातोय, कडी लाव. नवीन पद्धतीची पहिलीच खरी चाचणी.

संध्याकाळी उशिरा

घडलं त्या क्रमाने लिहितो.

आत गेलो. बायकोने कडी लावली. आंघोळ झाली. टकटक केली. कोणी आलं नाही. सवयीने आलाप घेतला. मग लक्षात आलं की आलापाचा अर्थ या घरात आत माणूस आहे, येऊ नका, असा होतो. थांबलो. पुन्हा टकटक केली. सासूबाईंचा आवाज आला. म्हणाल्या, आज तालसुद्धा धरलाय.

मी म्हणालो, आई, कडी काढा.

त्या म्हणाल्या, ती मुलीला आणायला शाळेत गेलीय, तिथून बाजारात जाणार आहे. आली की काढेल.

मी म्हणालो, तुम्हीच काढा की.

त्या म्हणाल्या, जावई आत असताना मी बाथरूमचं दार उघडू? काहीतरीच काय. मर्यादा म्हणून काही आहे की नाही.

मी कपडे घातले आहेत असं सांगितलं. त्या म्हणाल्या, ते मला काय दिसतंय?

मुद्दा बिनतोड होता. मग त्या खुर्ची ओढून दाराशी बसल्याचा आवाज आला. म्हणाल्या, गा तुम्ही, वेळ जाईल.

पाचला बेल वाजली. शिपाई. त्याने पान मागितलं. मी आतून ओरडलो, देऊ नका, एक शब्द राहिलाय! सासूबाईंनी विचारलं, कुठला? मी म्हणालो, तोच तर ठरवायचाय. शिपाई म्हणाला, खाली गाडी थांबलीय, साहेब घड्याळ घेऊन बसलेत.

मी त्याला म्हणालो, भाऊ, तू पुरुष माणूस आहेस, तू तरी कडी काढ.

तो म्हणाला, मला पान आणायला सांगितलंय. दार उघडायला नाही सांगितलेलं. उद्या काही झालं तर माझ्यावर येईल.

तिथे, बादलीवर बसलेला असताना, मला उत्तर मिळालं. प्रत्येक जण आपलं काम जाणतो. दुसऱ्याच्या कामात हात घालत नाही. वशिला चालत नाही, नातं चालत नाही, दया चालत नाही. याहून विकसित काय असतं? शंका उरली नाही. मी ओरडून सांगितलं, लिहा, विकसित!

पेन्सिल बाहेर होती. सासूबाई म्हणाल्या, माझा चष्मा बॅगेत आहे. शिपाई म्हणाला, लिहिणं माझ्याकडे नाही.

जिना उतरल्याचा आवाज आला. सासूबाई म्हणाल्या, गेला बिचारा पान घेऊन, पाणीसुद्धा घेतलं नाही.

बायको सातला आली. कडी काढली. विसरलेच हो, म्हणाली. चालायचंच. हातात भाजीच्या दोन पिशव्या होत्या. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही पाढे म्हणायचे होते, एकोणतीसपर्यंत झाले असते.

उद्या सकाळी साहेबांना फोन करून शब्द कळवायचा. देश थांबला आहे.

शनिवार, १४ मार्च

साहेबांचाच फोन आला. पान रात्रीच छापायला गेलं. तिसरी ओळ अर्धवट दिसली म्हणून अक्षरजुळणी करणाऱ्याने तिथे टिंबं टाकली आणि ओळ उचलून खाली स्वाध्यायात ठेवली. प्रश्न पहिला, रिकाम्या जागा भरा. साहेब म्हणाले, एक प्रश्न कमीच पडत होता, बरं झालं. शिक्षकांसाठी उत्तरं काढायचं काम माझ्याकडे. सोमवारपर्यंत. कॅलेंडर विभागाचं नंतर बघू म्हणाले.

मी बोलत होतो तेव्हा सासूबाईंनी माझे उरलेले दोन स्क्रू मागून घेतले. भाजीच्या सुरीने बाहेरची कडी काढली आणि आतून बसवली. मग आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला. गाण्याचा आला नाही.