सुतकातली मॅच

लोअर हट, न्यूझीलंड, रविवार संध्याकाळ, २०१७

खेळले. हो, खेळले, आणि कोणीही विचारलं तरी हेच सांगणार.

सकाळी पुण्याहून बाबांचा फोन आला. दादाचं, माझ्या चुलतभावाचं, विमान समुद्रात कोसळलं. कोणीच वाचलं नाही. दुपारी आमच्या क्लबची बेसबॉलची मॅच होती. कोणाला काही न सांगता गेले. आत्ता आत्याचा फोन; क्लबने टाकलेला मॅचचा फोटो फेसबुकवर बघितला म्हणे. "सुतक लागलंय आणि तू खेळत होतीस? लाज नाही वाटली?"

सुतकात देवाला शिवत नाहीत, आत्या. चेंडूचं कुठे काय सांगितलंय?

घरी बसून काय केलं असतं? टीव्हीवर विमानाचं ते तरंगणारं शेपूट पुन्हा पुन्हा बघितलं असतं?

गेल्या उन्हाळ्यात दादा इथे आला होता. पायात माझ्याच जँडल्स, इथल्या रबरी चपला, कुंपणाला टेकून अख्ख्या ग्राउंडला ऐकू जाईल असा ओरडत होता, "पळ गं! मागे बघू नकोस!" मी बघितलंच, चेंडू कुठे आहे ते. आउट. घरी येईपर्यंत चिडवलं त्याने.

आज धाव पूर्ण करायला तिसऱ्या बेसवरून होमकडे सुटले तेव्हा मान वळायला लागली होती. नाही वळू दिली. पोचले. कॅप्टन ओरडली, "स्वीट ॲज!" म्हणजे एकदम झकास. तिला काय माहीत.

अग्नी दिल्यावर मागे न बघता निघतात ना, आत्या? दादाचं तर काही हाती लागेल की नाही, देव जाणे. आणि लागलं तरी मला, मुलीला, तुम्ही स्मशानात येऊ देणार नाही.

माझं मी करून आले. मागे न बघता.