उत्तम गायकी पाहिजे

४ सप्टेंबर
बाबांच्या पायात सळई आहे, तरी आज काठी शोधत होते! डॉक्टरांनी बजावलंय — पुन्हा गुरांमागे गेलात तर पाय कायमचा जाईल. बाबांचं एकच — "ढोरं काय घरी बांधून ठेवाचे? माणूस नाही भेटला तं सोमवारी मीच निंगतो." काठी लपवली. फोनवरून सगळीकडे पाठवलं — 'गावासाठी उत्तम गायकी पाहिजे. राहणं-जेवण आमच्याकडे.'

६ सप्टेंबर
मेसेज कुठे-कुठे फिरला देव जाणे. एसटीतून एक गृहस्थ उतरले. नयन सर, पुण्याचे शास्त्रीय गायक. रेशमी कुर्ता, खांद्याला तंबोरा. "खेड्यात अजून गायकीची कदर आहे, धन्य वाटलं."
आमच्याकडे गुरं चारणाऱ्यालाच गायकी म्हणतात, हे सांगायला तोंड उघडलं, तर शेजारच्या पंचफुलामावशीनं चिमटा काढला. "गप राह्य. दोन पाय धड आहेत ना त्याचे?"

७ सप्टेंबर
मैफल कुरणात आहे म्हणून सांगितलं. सरांनी श्रोत्यांकडे नीट पाहिलं. एक श्रोता शेण टाकत होता. "चला," म्हणाले. बस्स, एवढंच. कंबरभर गवतात तंबोऱ्याचा भोपळा तेवढा दिसत होता.
संध्याकाळी गुरं पोट भरून परत. बाबांचा पाय मोडणारा मारकुटा गोऱ्हाही सरांच्या मागे मुकाट! कुर्त्याला इतकी कुसळं, की रेशीम दिसेना.

१० सप्टेंबर
सर जेवताना म्हणाले, "श्रोते फार जाणकार आहेत. चुकलो की चरायला लागतात."
बाबा ताट अर्धं टाकून उठले. मला हसू येतं आणि धास्तीही वाटते. सरांना खरं कळलं की ते जाणार, आणि बाबा काठी उचलणार.

१२ सप्टेंबर
बाबांना राहवलं नाही. लंगडत, गुरं जमतात त्या आखरावर गेले आणि सगळ्या गुरांसमोर सांगून टाकलं — "पोरीनं फसवलं तुमाले. गायकी म्हंजे ढोरं चारणारा. द्या ती काठी, मी जातो."
सरांनी काठी दिली नाही. आज पहिल्यांदा आमच्या बोलीत बोलले.
"ठाऊक हाये, काका. माहा बाप महागावले गायकीच होता. गाण्यासाठी मले कोणीच बलावत नाही. म्हणून आलतो."