मधला स्पीकर

शुक्रवार पेठ, सोलापूर
सोमवार

प्रिय मल्लिनाथ,

पत्र बघून दचकू नकोस, आमच्याकडे सगळे बरे आहेत. चार शुक्रवार झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. पहिल्यांदा वाटलं, जेऊरला रेंज नसेल. मग वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. रोज आठवत बसायचो, काय बोललो मी? काल ते कळलं. तेच लिहायला बसलोय, पण हात धजत नाही, म्हणून आधी कालचं सगळं सांगतो.

हारूनने पुढच्या खोलीत होम थिएटर बसवायचं काढलंय. म्हणाला, अब्बा, स्पीकर तुम्ही निवडा, तुमचा कान पक्का. कारखान्यात चाळीस माग चालू असताना कुठला धोटा अडकतोय ते मी जागेवरून सांगायचो, हे त्याने तुझ्याच तोंडून ऐकलेलं. पोराला अजून तसंच वाटतं. त्याच मागांच्या खडखडाटाने माझे कान कामातून गेलेत, हे मी घरात सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. एकदा बहिरा ठरलो की सून काही सांगायचंच बंद करेल, नातवंडं ओरडून बोलतील, ही धास्ती. त्यापेक्षा दोन-तीन शब्द पकडायचे, बाकीचं अंदाजाने जुळवायचं आणि हसून हो म्हणायचं. दीड वर्ष झालं, तुझ्याशीही असंच बोलत आलो.

दुकानात दुकानदाराने आधी बॉम्ब फुटायचे, गाड्या आपटायचे आवाज लावले. काचा थरथरल्या. हारून लई खूश. मला काळजी, की भिंतीचा गिलावा पडेल, शेजारी भांडायला येतील, उंदीर वायरी कुरतडतील. दुकानदार म्हणाला, बाबा, धडाडधूम कुठलाही डबा करतो; टीव्हीखाली ठेवायचा हा मधला स्पीकर नीट बघून घ्या, माणसांचं बोलणं यातूनच येतं. मला ते पटलं. त्याने तसले तीन स्पीकर ओळीने मांडले. सिनेमातली माणसं बोलली, पण त्यांचे खरे आवाज मला कुठे माहीत? ओळखीचा आवाज पाहिजे. मी म्हणालो, मल्लिनाथचा लावा. बत्तीस वर्षं तो शेजारच्या मागावर होता, त्याचा आवाज जसाच्या तसा आला तर स्पीकर खरा. माझ्या फोनमध्ये सगळं बोलणं आपोआप साठून राहतं, हे मला ठाऊक नव्हतं, हारूनला होतं. त्याने तुझा शेवटचा फोन शोधून काढला.

पहिल्या स्पीकरमध्ये तुझी हाक ऐकली, ती घोगरी. दुसऱ्यात तू विहिरीतून बोलल्यासारखा. तिसऱ्यात मात्र थेट शेजारी येऊन उभा राहिलास. मी म्हणालो, हाच घ्यायचा, बंद करू नको, पुढचं ऐकू दे.

तू म्हणालास, "चांदसाब, बाळाबाई गेली रे." त्या शुक्रवारी मला एवढंच कळलं होतं, गेली. वहिनी तुमच्या प्रियदर्शनीच्या बाळंतपणाला श्रीपूरला जाणार होती ना, मला वाटलं, लेकीकडे गेली. तुझं रडणं माझ्यापर्यंत पोचलंच नव्हतं. काल पोचलं. आणि त्याच्यावर माझा आवाज आला, हसत: "बरं झालं की. आता महिनाभर निवांत, कटकट नाही काही." तू फोन ठेवलास. मी त्या दिवशी त्यानंतरही बराच वेळ एकटाच बोलत होतो, ते आठवलं. मल्लिनाथ, माझे रोजे असताना जी बाई माझ्यासमोर पाणीसुद्धा प्यायची नाही, तिच्या जाण्यावर मी हसलो. फोनवर माफी मागता आली असती, पण तू काय म्हणालास ते मला कळलं नसतं, आणि मी पुन्हा भलतंच बोललो असतो. म्हणून हे पत्र. शनिवारी सकाळच्या गाडीने जेऊरला उतरतो. घरात घ्यावंसं वाटलं नाही तर बाहेर ओट्यावर बसेन. पण समोर येऊन मला एकदा ते पुन्हा सांग. या वेळी तुझ्या तोंडाकडे बघून ऐकेन.

तू मानलंस तर अजून तुझाच,
चांदसाब