दाराजवळचं हाडं दाखवणारं यंत्र

३ जून, सोमवार
मिळाली एकदाची नोकरी! बुटांचं दुकान, राहायला माडीवरची खोली आणि ठकूची शाळा रस्त्याच्या पलीकडे. सहा वर्षांच्या लेकीला घेऊन नव्या गावात आलेल्या बाईला आणखी काय हवं? गोम एकच. मला लोकांच्या पायांची किळस येते. घामट मोजे, बोटांच्या बेचक्यातला मळ, पिवळी जाड नखं. आता दिवसभर तेच हातात घ्यायचं.

दुकानाची शान म्हणजे दाराजवळचं लाकडी क्ष-किरण यंत्र. खालच्या फटीत बुटांसकट पाय सरकवायचे, बटण दाबायचं आणि वरच्या झरोक्यांतून बघायचं. हिरव्या उजेडात पायांची हाडं हलताना दिसतात, अगदी जिवंत. झरोके तीन: एक मुलाला, एक आईला, एक मला. मालकांनी चहा गार होईपर्यंत इतिहास ऐकवला. लढाईत जखमी शिपायांचे पाय बूट न काढता असेच बघायचे म्हणे. इस्पितळात डॉक्टर अशाच पडद्यावर पोरांनी गिळलेल्या टाचण्या शोधतात, धडधडतं काळीज बघतात. आम्ही बूट विकतो.

७ जून
काम अंगवळणी पडलं. गिऱ्हाईक उभं राहिलं की उजवा हात फटीत घालून बूट पुढून दाबायचा आणि बोटांना जागा आहे का ते वरून बघायचं. म्हणजे माझीही हाडं दिसतात. पहिल्यांदा पाहिली तेव्हा हात झटकन बाहेर ओढला. अंगठी नुसत्या हाडावर लटकत होती.

दुकान रिकामं असलं की एखादं पोर यंत्रावर उभं करायचं, ही मालकांची जुनी युक्ती. ते खिदळलं की रस्त्यावरची पोरं आयांना ओढत आत आणतात. पोर तर घरचंच होतं. ठकूला मीच पहिल्यांदा उचलून उभी केली. आता ती शाळेतून येते, दप्तर फेकते आणि यंत्रावर चढते. तासभर बोटं नाचवते. मालक खूश आहेत आणि मला लेकीचं फार कौतुक वाटतं.

१८ जून
पाय काढल्यावरही हाडं क्षणभर पडद्यावर राहतात. मालक म्हणाले, पडद्याचा लेप उजेड धरून ठेवतो, त्यात काही नाही. पण आज ठकू उतरून पाणी प्यायला गेली, आणि मी पंचवीसपर्यंत आकडे म्हटले तरी तिची इवली हाडं आतच होती. बोटं हलत होती. मालकांना हाक मारली. त्यांनी डोळा लावला तोवर अंधार. तुम्ही नीट जेवत नाही का, असं त्यांनी मला विचारलं.

२५ जून
ठकू लंगडते. आज मोजा काढला आणि तिचा पाय हातातून सोडूनच दिला. करंगळी नुसती लोंबत होती. दाबली तर मळलेल्या पिठासारखी चपटी झाली. नख एका बाजूला फिरलं. तिला दुखत नाही, उलट गुदगुल्या होतात म्हणते. स्वतःच्या पोरीचा पाय, आणि मला शिसारी आली. लिहायला लाज वाटते, पण आली. यंत्राकडे फिरकायचं नाही अशी तिला ताकीद दिली आहे.

२८ जून
इस्पितळात नेलं. अंधाऱ्या खोलीत डॉक्टरांनी तिचे पाय पडद्यामागे धरले. नडगी दिसली. घोटा दिसला. त्याखाली काहीच नाही. पडदा बिघडला असेल म्हणाले. मग हाताने पाऊल चाचपलं, तोंडाला रुमाल लावला आणि बाहेर गेले. परत आलेच नाहीत.

घरी येताना ठकूने कबूल केलं. ताकीद दिल्यावरही, मी मागे खोकी लावत असायचे तेव्हा ती रोज चढत होती. आधी लंगडत, मग टाचांवर, काल रांगत.

२९ जून
मालकांना सांगितलं, यंत्र बंद करा. पोरीत जन्मतःच खोट असेल म्हणाले. पावलं आता ओल्या मोज्यांसारखी. धुताना माझ्या बोटांतून निसटतात. मला उमासे येतात आणि ती माझ्याकडे बघून हसते —

३० जून, रविवार. सकाळ
दुकान बंद. किल्ली माझ्याकडे असते. बटण दाबलं नाही तरी आत हिरवं.

सगळे आत आहेत. कितीतरी पाय. लहान, मोठे, एकमेकांवर चढलेले, वळवळणारे. त्यांत तिचे दोन. मी तिथेच फरशीवर ओकले —

हात घातला. कोमट, बुळबुळीत. तिची करंगळी हाताला लागली. ओढली. हात रिकामाच बाहेर आला. पण काऊंटरवर बसलेली ठकू किंचाळली — तिची करंगळी ताठ! हाड आलं! माझी करंगळी लोंबते आहे.

एकाच्या बदल्यात एक.

दुपार
डाव्या हाताने लिहिते. उजवा गेला. मनगटापुढे नुसती पिशवी. फडक्यात गुंडाळलाय, बघवत नाही — शी —

तिचं डावं पाऊल आलं. टेकवून दाखवलं तिने. उजवं आत आहे. आता हा हात.

मालक, उद्या वाचाल. ठकूला माझ्या बहिणीकडे पोचवा. मग यंत्र फोडा. सगळं फोडा.

ठकूला त्यावर उभी करू नका. ती हट्ट करेल. आत्ताही विचारते, पाय आले की चढू का. नाही म्हटलं तर रडते. दोन्ही पाय आले की धावत तिकडेच जाईल आणि मला तिला धरायला —