फिकट भिंती, मोठा पडदा

३ फेब्रुवारी
नवऱ्याला प्रोजेक्टर हवाय. टीव्ही धडधाकट आहे — तोच त्याचा गुन्हा! "भिंतभर चित्र दिसलं पाहिजे," म्हणे. बैठकीच्या खोलीच्या भिंती मोतिया, छत पांढरं, एक अख्खी बाजू खिडकीची. रंग मीच निवडला होता. माझं शिलाई मशीन तिथेच. दोरा कापडाशी जुळवायचा तर लख्ख उजेड लागतो.

सासूबाई अर्थातच लेकाच्या पक्षात. "घे रे, चांगला मोठ्ठा घे!"

५ फेब्रुवारी
दुकानात गेलो. काळ्या भिंती, काळे पडदे, दार बंद — तिथे कुठलंही चित्र झकासच दिसणार! काळोखात काजवाही सूर्य. विक्रेतीला म्हटलं, "ताई, आमच्यासारखी उजळ खोली नाही का दाखवायला?" ती प्रामाणिक निघाली. म्हणाली, "ती असती तर विक्री झाली असती का? घरी नेऊन बघा दोन दिवस."

नवरा घरी येईस्तोवर तज्ज्ञ झाला होता.

७ फेब्रुवारी
सकाळी अकराला चाचणी. पडदा म्हणून माझी चादर, कडक इस्त्री करून. चित्रात वाघ आला. इतका फिका, की लेक म्हणाली, "बाबा, याला ताप आहे का?"

तज्ज्ञांचं व्याख्यान — खिडकीचा उजेड एक वैरी, फिकट भिंती दुसरा. चित्राचाच उजेड भिंतींवर आपटून परत पडद्यावर येतो, मग काळ्याचं करडं होतं. उपाय? भिंती गडद रंगवा!

"आणि मी शिवू कुठे? तुझ्या डोक्यावर मशीन ठेवून?"

८ फेब्रुवारी
अबोला.

९ फेब्रुवारी
अबोला. पण त्याला शर्टाचं बटण लावून हवं होतं, त्यामुळे चारपर्यंतच टिकला.

११ फेब्रुवारी
विक्रेती स्वतः मोजायची टेप घेऊन खोली बघायला आली. आधी खिडकीत उभी राहिली, मग माझ्या मशीनपाशी. म्हणाली, "रंग बदलू नका, पडदा बदला." करडा पडदा येतो — खालून येणारा उजेड आपल्याकडे पाठवतो, वरचा-बाजूचा गिळून टाकतो. प्रोजेक्टरही जवळूनच चित्र पाडणारा घ्यायचा, छताला टांगायचा नाही. भिंतीलगत बुटक्या कपाटावर ठेवायचा. आणि चित्र भिंतभर नको. जितकं पसरवाल तितकं पातळ होतं.

नवरा लगेच, "मी हेच म्हणत होतो!"

मी सुई तोंडात धरली होती, म्हणून वाचला.

१४ फेब्रुवारी
पडदा बसला. तीनदा लेव्हल लावून तपासला. नवरा लांबून "डावीकडे जरा... जरा..." करत होता, बसवणारे बिचारे फक्त मान हलवत होते. भिंती मोतियाच आहेत. मी जिंकले — हे इथेच लिहिते, मोठ्याने बोलणार नाही.

१५ फेब्रुवारी
भरदिवसा, खिडकी उघडी ठेवून पहिला खेळ. रंग असे ठसठशीत, की मीही "वा!" म्हणून गेले. स्पीकर उद्या येणार, म्हणून आवाज नव्हता. लेकीने गेल्या सुट्टीतला समुद्रावरचा व्हिडिओ लावला. पडद्यावर नवरा — नुसता चेहराच दाराएवढा, हसतोय, आमच्याकडे बघून काहीतरी ओरडतोय.

पुढच्या खुर्चीतल्या सासूबाई माझ्याकडे झुकल्या. हळूच विचारलं, "कोण गं हा?"

नवऱ्याने ऐकलं. येऊन त्यांच्या पायाशी बसला. "आई, मी आहे तो. कधीपासून दिसत नाहीये तुला?"

त्या त्याच्यावरच चिडल्या. "आवाजावरून ओळखते की मी सगळ्यांना! तिथे असा मुक्यासारखा काय उभा राहिलास?"